मेंदूसाठी नापास, पाठीच्या कण्यात पास: ओलिव्हेरा आणि शंखातलं विष

मज्जारज्जू (धागाकर्ती) · रविवार, रात्री ९:४०

मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते. वेदनाशामकांच्या तासाला मुलं मॉर्फीनपर्यंत जागी असतात. मग 'इतर औषधे' हा मथळा आला की वह्या मिटतात, आणि झिकोनोटाइड नेमकं त्याच मथळ्याखाली येतं. परीक्षेत एक गुणाचा प्रश्न: कशापासून मिळालं? उत्तर: गोगलगाय. संपलं! यंदा वैतागून मी तो तास गोगलगायीपासूनच सुरू केला. त्याचं हे टिपण.

या गोष्टीतल्या मुख्य माणसाचं नाव बाल्डोमेरो ओलिव्हेरा. जन्म १९४१, मनिला. ओळखीपाळखीचे लोक 'टोटो' म्हणतात. फिलिपिन्स विद्यापीठातून रसायनशास्त्र, मग अमेरिकेत कॅलटेकमध्ये पीएचडी, मग स्टॅनफर्ड. तुटलेले डीएनएचे धागे सांधणारं लायगेज हे एन्झाइम १९६७ साली ज्या मोजक्या प्रयोगशाळांत सापडलं, त्यांतल्या एकीत हा तरुण होता. आज जनुकांवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेचा फ्रीज उघडा, लायगेजची कुपी सापडेल. म्हणजे पुढे काहीही केलं नसतं तरी नाव राहिलं असतं.

पण गडी मायदेशी परतला. तिथे डीएनएचं काम चालू ठेवायला लागणारी यंत्रंच नव्हती. मग आहे त्या सामानात काय जमेल? लहानपणी शंख गोळा करायचा नाद होता, त्यामुळे एक गोष्ट ठाऊक होती: कोनस जिओग्राफस हा शंख, म्हणजे शंखात राहणारी विषारी समुद्री गोगलगाय, माणूस मारतो. १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या हेमन बेटावर एका तरुणाने तो तळहातावर धरून चाकूने वरचा पापुद्रा खरवडला होता. त्याला डंख झाला आणि काही तासांत तो गेला. कोळी शंख आणून देत होते, उंदीर होते. विषात नेमकं काय आहे, हे बघायला तेवढं पुरे होतं.

त्यांची चाचणी मला फार आवडते. उंदराच्या पोटात विषातून वेगळा काढलेला एकेक अंश टोचायचा, त्याला तारेच्या जाळीवर ठेवायचं आणि जाळी उलटी करायची. उंदीर पायांनी लटकून राहतो. पडला की घड्याळ बघायचं. या अशा जुगाडातून लकवा आणणारी पेप्टाइडं (प्रथिनांसारख्याच, पण छोट्या साखळ्या) वेगळी झाली. सोबत होत्या लुर्देस क्रूझ. कोनसच्या विषातल्या रसायनांची कितीतरी घोटीव कामं त्यांची आहेत. पुढे फिलिपिन्सने त्यांना राष्ट्रीय वैज्ञानिक हा किताब दिला.

१९७०च्या सुमारास ओलिव्हेरा युटा विद्यापीठात गेले. आता यंत्रं होती, पण गोष्टीचं वळण यंत्रांनी आणलं नाही, पोरांनी आणलं. क्रेग क्लार्क नावाच्या पदवीच्या विद्यार्थ्याला वाटलं, विष पोटात कशाला, थेट मेंदूत टोचून बघू. बघितलं. एका अंशाने उंदीर झोपला, दुसऱ्याने अंग खाजवत सुटला, तिसऱ्याने गोल गोल धावला, आणखी एकाने नुसता थरथरत राहिला. लकवा आणणारं एक विष, एवढीच आतापर्यंतची समजूत होती. प्रत्यक्षात तो चेतासंस्थेच्या वेगवेगळ्या कुलपांच्या चाव्यांचा जुडगा निघाला.

थरथरवणारा पदार्थ कोनस मेगस या जातीतून वेगळा केला मायकेल मॅकिंटॉशने. वय अठरा, नुकताच शाळेतून सुटलेला. पंचवीस अमिनो आम्लं, गंधकाचे तीन पूल, इवलासा घट्ट गोळा. नाव ओमेगा-कोनोटॉक्सिन एमव्हीआयआयए. आजचं झिकोनोटाइड म्हणजे हाच रेणू, प्रयोगशाळेत बनवलेला, निसर्गातल्यासारखा हुबेहूब.

हे औषध आधी वेदनेसाठी नव्हतंच. ते उद्या लिहिते, उत्तरपत्रिका बोलावतायत.

---

देवबागकर · रविवार, रात्री १०:१५

वाचतोय. माझं बालपण मालवणाजवळ खाडीच्या तोंडाशी गेलं. ओहोटीला शंख-शिंपले वेचायचो. आजी किनाऱ्यावरून ओरडायची, 'रे मेल्या, जितो हा तो, हातात घेव नको!' आम्हाला वाटायचं, जिवंत शंख घरी नेला की कुजून वास मारतो म्हणून ओरडते. आता वाटतंय तिला अजून काही माहीत असावं. किंवा नसेलही, वासाचंच असेल.

---

खोडरबर · रविवार, रात्री ११:०२

लेख रोचक आहे, वाचनखूण साठवली. पण आधीच सांगून ठेवतो, 'मॉर्फीनच्या हजारपट प्रभावी' हे वाक्य पुढच्या भागात आलं तर भांडेन. व्हॉट्सअॅपवर ते फिरून फिरून गुळगुळीत झालंय.

---

मज्जारज्जू · सोमवार, रात्री ८:३०

खोडरबर, भांडण टळलं. हजारपट म्हणजे हजारपट कमी वजनात काम होतं, इतकंच. मॉर्फीन मिलिग्रॅममध्ये आणि हे मायक्रोग्रॅममध्ये. दुखणं हजारपट कमी होत नाही. मिरचीचा एक दाणा वाटीभर मिरपुडीइतका तिखट असला, म्हणून आमटी जास्त चविष्ट होते असं नाही.

तर पुढे. चेतापेशीच्या टोकाशी विजेचा संदेश आला की एन-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल, म्हणजे पेशीची कॅल्शियमसाठीची दारं, उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि मगच रसायनाच्या पिशव्या फुटून पुढच्या पेशीला निरोप जातो. ओमेगा-कोनोटॉक्सिन हे दार बंद करतं. जिओग्राफसमधला त्याचा भाऊबंद, जीव्हीआयए, दाराला इतका घट्ट चिकटतो की सहसा सुटत नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांना 'हे दार एन-प्रकारचंच का' हे ओळखायचं साधन मिळालं. मेगसवाला बसतो आणि सुटतोही. औषधाला असाच हवा.

आता १९८०चं दशक आठवा. पक्षाघातात पेशी कशा मरतात याचं चित्र नुकतं स्पष्ट झालं होतं. रक्त थांबलं की चेतापेशी भांबावून ग्लुटामेट हे उत्तेजित करणारं रसायन ओततात, त्याने शेजारच्या पेशींची दारं उघडी राहतात, कॅल्शियम पुरासारखं घुसतं आणि पेशी आतूनच स्वतःला खाऊ लागते. म्हणजे कॅल्शियमचं दार लावलं तर मेंदू वाचेल! कॅलिफोर्नियातल्या न्यूरेक्स कंपनीने हा रेणू उचलला, नाव दिलं एसएनएक्स-१११. १९९३ साली निकाल छापून आला: उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं तोडला, मग शिरेतून औषध दिलं, तर स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी वाचल्या. गंमत म्हणजे औषध चोवीस तासांनी दिलं तरी. चोवीस तास! पक्षाघाताच्या डॉक्टरला विचारा हा आकडा ऐकून काय वाटतं. त्यांचं सगळं आयुष्य तास-मिनिटं मोजण्यात जातं.

मग माणसं आली. एन-प्रकारचे चॅनेल मेंदूतच थोडे असतात? रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिंपथेटिक तंतूंच्या टोकांनाही तेच असतात. शिरेतून दिलेलं औषध तिथेही दार लावतं, रक्तदाब कोसळतो. निरोगी माणूस उभा राहताना गरगरला तर खुर्चीवर बसेल. डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाचा रक्तदाब पडणं म्हणजे ज्या मेंदूला वाचवायचं त्याचंच रक्त तोडणं. डोक्याच्या दुखापतीवरच्या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. मेंदूसंरक्षक म्हणून रेणू नापास.

पण तेच दार मेरुरज्जूच्या मागच्या शिंगात, जिथे वेदनेचे तंतू येऊन पुढचा निरोप देतात, तिथे खच्चून भरलेलं आहे. औषध रक्तात न सोडता थेट कण्याच्या पाण्यात सोडलं तर? पेप्टाइड असल्याने ते रक्त-मेंदू अडथळा सहजी ओलांडत नाही. पहिल्या परीक्षेत हा दुर्गुण होता, इथे गुण ठरला: जिथे टाकलं तिथे बरंचसं टिकलं. कर्करोग किंवा एड्सच्या १११ रुग्णांवरच्या चाचणीत (२००४) वेदनेचा गुणांक औषध मिळालेल्यांत सरासरी ५३ टक्क्यांनी उतरला, नुसतं पाणी मिळालेल्यांत १८ टक्क्यांनी. २८ डिसेंबर २००४ला अमेरिकेत मान्यता मिळाली. व्यापारी नाव प्रायाल्ट. अठरा वर्षांच्या पोराने वेगळा केलेला पदार्थ रुग्णाच्या कण्यात पोचायला पाव शतक गेलं.

---

भूलवाला · सोमवार, रात्री ९:५५

मॅडम, फार सुंदर लिहिलंय. मी भूलतज्ज्ञ, वेदना-चिकित्सेचं काम करतो. परदेशात दोन वर्षं होतो, तिथे हे औषध हाताळलंय, म्हणून थोडी दुसरी बाजू.

हे गोळीने घेता येत नाही. पोटाच्या कातडीखाली बर्फावरच्या हॉकीतल्या चकतीएवढा पंप बसवतात, त्यातून बारीक नळी कण्यात जाते. पंप सुईने टोचून भरायचा. सुरुवात दिवसाला २.४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नाही, कमाल १९.२. आणि वाढवायचं ते मुंगीच्या पावलांनी. सुरुवातीच्या चाचण्यांत भराभर वाढवलं होतं, तेव्हा माणसं बरळायला लागली.

माझ्या आठवणीत एक निवृत्त बस ड्रायव्हर आहे. पाठीच्या तीन शस्त्रक्रिया झालेल्या, मॉर्फीनने पोट कायमचं बांधलेलं. झिकोनोटाइड सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, 'पाय हलकेत.' चौथ्या आठवड्यात बायकोने फोन केला: हे भिंतीशी बोलतायत, भिंतीवर प्रवासी बसलेत म्हणतात. डोस उतरवला, प्रवासी उतरले. दुखणं थोडं परत चढलं. मग आम्ही मधली एक जागा शोधली, जिथे भिंत रिकामी होती आणि पाय बऱ्यापैकी हलके. ही मधली जागा फार अरुंद असते आणि प्रत्येकाला सापडत नाही. माहितीपत्रकातच चौकटीत ठळक इशारा आहे, पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल तर देऊच नका.

जमेची बाजू: श्वास मंदावत नाही, सवय लागत नाही, एकदम थांबवलं तरी अफूसारखी तलफ उठत नाही. मॉर्फीनचा पंप अचानक बंद पडला तर रात्र वैऱ्याची असते.

अवांतर: आपल्याकडे पंपाच्या गप्पा मारण्याआधी साधं मॉर्फीन बघा. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते कित्येक वर्षं कडीकुलपात गेलं होतं, २०१४ला दुरुस्ती झाली. तरी गावाकडचा कर्करोगाचा रुग्ण आजही गोळीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालताना दिसतो. गोगलगाय राहू दे, अफूची बोंडं तरी पोचू देत.

---

सासवडची_सून · मंगळवार, सकाळी ७:२०

मी गप्पच वाचत होते, पण 'मेंदूसंरक्षक' शब्द वाचून लिहायला बसले. गेल्या वर्षी सासऱ्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. एका खाजगी रुग्णालयात (नाव नको) आम्हाला रोज एका इंजेक्शनची चिठ्ठी मिळायची, 'मेंदू वाचवणारं आहे, आणा.' सिटिकोलीन नाव होतं. नणंदेने बांगडी मोडली. ते सगळं वायाच गेलं का? खरं सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

---

मज्जारज्जू · मंगळवार, दुपारी १:४५

ताई, खरं सांगते. सिटिकोलीनची सगळ्यात मोठी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, २२९८ रुग्ण होते. औषध मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात तीन महिन्यांनी फरक दिसला नाही. त्रासदायक औषध नाही, त्यामुळे सासऱ्यांना त्याने इजा झाली असेल असं मनात आणू नका. पण ते नसतं दिलं तरी बहुधा हेच झालं असतं. बांगडीचं मला खरंच वाईट वाटलं.

यात तुमच्या डॉक्टरांना एकट्याला झोडपता येणार नाही. २००६ साली काहींनी बसून मोजदाद केली, तोवर पक्षाघातासाठी प्रयोगात तपासलेले १०२६ उपाय भरले. उंदरांत कितीतरी चालले, माणसांत टिकलं ते मुख्यतः गुठळी विरघळवणं. त्याच वर्षी एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाची एक मोठी चाचणी यशस्वी म्हणून वाजतगाजत आली, पुढच्या वर्षी त्याहून मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला आणि सगळा फुगा फुटला. कारणं? उंदीर तरुण आणि निरोगी, औषध द्यायची वेळ आपल्या हातात, रक्त किती मिनिटं तोडायचं तेही आपल्या हातात. माणूस सत्तरीचा, मधुमेही, रात्री झोपेत कधी झालं तेच ठाऊक नाही.

पुढे कुणाला झालं तर (न होवो) चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतं दिसताक्षणी सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तो वेळ गमावू नका.

---

सासवडची_सून · मंगळवार, रात्री ९:१०

धन्यवाद. आम्ही त्यांना आधी तेल चोळत बसलो होतो, सकाळपर्यंत. आता सासरे डाव्या हाताने जेवतात, 'चहा' स्पष्ट म्हणतात. नणंदेला हे वाचून दाखवणार नाही.

---

खोडरबर · मंगळवार, रात्री ११:३०

ताई, तुमच्यापुढे माझा प्रश्न किरकोळ आहे, तरी विचारतो. मॅडम, 'नापास-पास'ची गोष्ट छान बसते, पण ती बसवलेली नाही ना? ओलिव्हेरांनी ठरवून वेदनेवर औषध शोधलं असं तुम्ही म्हणत नाही, कंपनीनेही आधी भलतंच धरलं. मग श्रेय कुणाचं? क्लार्कचं, मॅकिंटॉशचं, क्रूझबाईंचं, न्यूरेक्सवाल्यांचं? तुम्ही मथळ्यात एकच नाव टाकलंत.

---

मज्जारज्जू · बुधवार, सकाळी ६:५०

मथळ्याबद्दल मान्य. २०२२ साली अमेरिकेत गोल्डन गूस पुरस्कार दिला, तेव्हा चौघांची नावं घेतली: क्लार्क, क्रूझ, मॅकिंटॉश, ओलिव्हेरा. (वरवर फालतू वाटणाऱ्या पण पुढे उपयोगी पडलेल्या संशोधनाला हा पुरस्कार असतो. 'गोगलगायीवर पैसे कसले उडवता' म्हणणाऱ्यांसाठीच जणू.) मॅकिंटॉश पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले, युटातच प्राध्यापक झाले, आणि कोनोटॉक्सिन काही सोडलं नाही.

ओलिव्हेरांचं मला वाटतं ते वेगळं श्रेय आहे. प्रमुख माणूस लायगेजवाला. त्याच्या प्रयोगशाळेत कोवळी पोरं येऊन उंदराच्या मेंदूत काहीबाही टोचतात, आणि हा माणूस त्यांना टोचू देतो. उंदीर काय करतोय हे वहीत लिहायला लावतो. माझ्या विभागात असं कुणी मागितलं तर मी आधी परवानगीचे अर्ज मोजते. बरोबरही आहे ते, पण मोजते एवढं खरं.

आणि थरथरवणारा रेणू हे एकच उदाहरण. त्या झोपवणाऱ्या अंशातून कोनँटोकिन निघालं. तागालोग भाषेत 'अंतोक' म्हणजे पेंग, त्यावरून नाव. दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना ते झोपवतं आणि मोठ्या उंदरांना उलट उधळवतं. ग्लुटामेटचं एनएमडीए हे दार ते अडवतं, म्हणजे पुन्हा मेंदूसंरक्षणाच्याच वाटेवरचा रेणू. फिट्स येण्यावर त्याचं औषध करायचे प्रयत्न झाले. मला त्या नावाचं कौतुक वाटतं. ग्रीक-लॅटिनच्या गर्दीत मनिलाच्या घरातला एक शब्द जाऊन बसलाय.

---

सिएटलची_सई · बुधवार, सकाळी १०:०५

मी मत्स्यशास्त्रवाली, म्हणून माशाच्या बाजूने बोलते. जिओग्राफस भाल्यासारखा विषारी दात मारण्याआधी तोंडाची जाळी पसरतो आणि अख्खा माशांचा घोळका आत ओढतो. मासे पळत का नाहीत? २०१५ साली युटाच्याच गटाने दाखवलं की तो इन्सुलिन वापरतो. त्याचं स्वतःचं नव्हे, माशाच्या इन्सुलिनसारखं खास विषासाठी बनवलेलं. माशाची साखर उतरते, तो सुस्तावतो. मधुमेहींना 'साखर उतरली' की कसं होतं, तसंच. ओलिव्हेरा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते आणि त्या निबंधात त्यांचं नाव होतं.

आणि आपल्याकडेही काम झालंय. मुंबईच्या टीआयएफआरमधले के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या आयआयएससीचे पी. बलराम यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोनसच्या पेप्टाइडांवर बरंच लिहिलंय.

---

देवबागकर · बुधवार, रात्री ८:४०

सईताईंचं वाचून घरातलं काचेचं कपाट उघडलं. वीस वर्षांपूर्वी अंदमानहून आणलेला एक शंख आहे, सोनेरी रंगावर पांढरे त्रिकोण, जणू मासळीच्या खवल्यांची पैठणी. नेटवर चित्रं ताडून बघितली तर कोनस टेक्स्टाइल वाटतोय. रिकामा आहे, आत काही नाही. धोका असतो का?

---

सिएटलची_सई · बुधवार, रात्री ९:२०

काका, रिकाम्या शंखाचा धोका नाही, विष जिवंत प्राण्याच्या ग्रंथीत असतं. टेक्स्टाइल दुसऱ्या गोगलगायींना खातो, पण जिवंत असेल तर माणसालाही डंख मारतो, जपून. आणि त्याच्यातलं एक पेप्टाइड शेवंड्याला टोचलं की तो छाती काढून असा उभा राहतो की संशोधकांनी त्याला 'किंग काँग' नाव दिलंय. पुढच्या वेळी समुद्रावरून शंख आणू नका मात्र. कोनसची एक भारतीय जात तर वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे.

---

देवबागकर · बुधवार, रात्री ९:५८

बरं झालं विचारलं. सौ.ने त्यालाच भोक पाडून तोरणात ओवायचं ठरवलं होतं. आता म्हणते, किंग काँग दारात टांगायला नको, कपाटातच असू दे.